कुटुंबवत्सल डार्विन

चार्ल्स डार्विनचें नांव घेतलें कीं एक ठराविक चित्र डोळ्यांपुढें उभें राहतें. छातीवर रुळणारी पांढरी दाढी, दाट भुवयांखालीं खोल गेलेले डोळे, अंगावर पायघोळ काळा झगा आणि मुद्रेवर विलक्षण गांभीर्य. ज्या पुरुषानें जीवसृष्टीच्या उत्पत्तीविषयींच्या जुन्या समजुती मुळापासून हलविल्या त्याला असेंच चित्र शोभतें, अशी जगाचीही कल्पना होऊन बसली आहे. परंतु ज्या सात मुलांना त्यानें लहानाचें मोठें केलें त्यांच्या आठवणींतला डार्विन निराळाच आहे. तो खळखळून हंसणारा आहे, मुलांना भुंग्यांच्या मागें धांवडविणारा आहे, फाशांच्या खेळांतील हारजितीचा वर्षानुवर्षें हिशेब ठेवणारा आहे. आणि त्याबरोबरच सकाळीं आठ वाजतां अभ्यासिकेंत कामाला बसणारा कष्टाळू गृहस्थही आहे. हीं दोन्ही चित्रें खरींच आहेत. मात्र दुसरें पाहिल्यावांचून पहिल्याचा पुरता अर्थ लागत नाहीं.

डार्विनचा जन्म १२ फेब्रुवारी १८०९ रोजीं इंग्लंडांतील श्रूजबरी या गांवीं झाला. वडील रॉबर्ट डार्विन हे नामांकित डॉक्टर. देहानें अवाढव्य आणि घरांत त्यांचा दरारा मोठा. आई सुझाना वारली तेव्हां चार्ल्स अवघा आठ वर्षांचा होता. पुढें १८३१ सालीं 'बीगल' जहाजावरून पृथ्वीप्रदक्षिणेस जाण्याची संधि चालून आली, परंतु वडिलांनीं मोडता घातला. त्या वेळीं भाच्याची बाजू घेतली ती मामानें. जोसाया वेजवुड हा चिनी मातीच्या भांड्यांच्या प्रसिद्ध कारखानदार घराण्यांतला. त्यानें मेहुण्याच्या एकेका हरकतीला पत्रांतून शांतपणें उत्तर दिलें, आणि अखेर परवानगी मिळाली. जवळजवळ पांच वर्षांच्या त्या प्रवासानें डार्विनला शास्त्रज्ञ बनविलें. परत आल्यावर याच मामाची मुलगी एमा हिच्याशीं २९ जानेवारी १८३९ रोजीं त्याचें लग्न झालें. म्हणजे शास्त्र आणि संसार या दोन्ही गोष्टी त्याला एकाच आजोळच्या आधारानें लाभल्या असें म्हणावयास हरकत नाहीं.

लग्नापूर्वीं, १८३८ च्या उन्हाळ्यांत, त्यानें एका कागदाचे दोन भाग पाडून लग्न करण्याच्या नफातोट्याचा ताळेबंद मांडला होता. तोट्याच्या बाजूस वेळेचा अपव्यय, संध्याकाळच्या वाचनावर येणारी गदा, पुस्तकांसाठीं अपुरा पडणारा पैसा आणि मुलांचा खर्च व काळजी हीं कलमें होतीं. नफ्याच्या बाजूस मुलेंबाळें, म्हातारपणीं सोबत, घरांत गाणेंबजावणें अशा गोष्टी होत्या. आणि सोबतीच्या दृष्टीनें कुत्र्यापेक्षां बायको बरी असा एक शेराही तेथें होता! अखेर ताळा लग्नाच्या बाजूनें पडला. हा कागद वाचणाऱ्याला आज हंसूं येतें, परंतु त्यांतील भीति पोकळ नव्हती. काम आणि संसार या दोघांनाही माणसाचा तोच दिवस हवा असतो. डार्विनच्या बाबतींत तर या दोघांच्या जोडीला आयुष्यभर न सुटलेलें एक दुखणेंही आलें. त्या तिघांची वांटणी त्यानें कशी केली हें पाहण्यासारखें आहे.

पहिला मुलगा विल्यम डिसेंबर १८३९ मध्यें जन्मला, आणि बापानें टिपणवही उघडली. बाळाची नजर दिव्याच्या ज्योतीवर केव्हां ठरली, तें पहिल्यानें केव्हां हंसलें, राग कसा दिसला, भीति कशी दिसली, याच्या नोंदी तो ठेवूं लागला. या टिपणांवरून लिहिलेला लेख 'माइंड' या नियतकालिकांत १८७७ सालीं प्रसिद्ध झाला. तोंवर बाळ सदतीस वर्षांचें झालें होतें. मनुष्याच्या मुद्रेवरील भाव हे प्राण्यांच्या भावांशीं नात्यानें जोडलेले आहेत, हा विचार त्यानें १८७२ च्या एका ग्रंथांत विस्तारानें मांडला. त्या ग्रंथाचें एक मूळ अशा रीतीनें पाळण्यापाशीं होतें.

सप्टेंबर १८४२ मध्यें हें कुटुंब लंडन सोडून केंट परगण्यांतील डाउन या खेड्यांत राहावयास गेलें. लंडनपासून अंतर सुमारें सोळा मैल. तेथील 'डाउन हाउस' या घरांत डार्विननें उरलेलीं चाळीस वर्षें काढलीं. एकंदर दहा मुलें झालीं. त्यांतील तीन लहानपणींच गेलीं. उरलेलीं सात म्हणजे विल्यम, हेन्रिएटा, जॉर्ज, एलिझाबेथ, फ्रान्सिस, लेनर्ड आणि होरेस. या घराचा दिनक्रम फ्रान्सिसनें पुढें वडिलांच्या चरित्रांत बारकाईनें लिहून ठेवला आहे.

पहांटे थोडें फिरणें, मग एकट्यानें न्याहारी, आणि आठ ते साडेनऊ हा कामाचा पहिला व सर्वांत चांगला तास-दीडतास. त्यानंतर दिवाणखान्यांत येऊन पत्रें पाहणें व एमानें वाचून दाखविलेली कादंबरी ऐकणें. साडेदहा ते बारा पुन्हां काम. दुपारीं बागेच्या टोकाशीं असलेल्या 'सँडवॉक' नांवाच्या वाळूच्या पायवाटेवर फेऱ्या. किती फेऱ्या झाल्या हें मोजण्यासाठीं वाटेच्या कडेला गारगोट्यांचा ढीग असे. प्रत्येक फेरीला एक गारगोटी तो पायानें उडवून देई. जेवणानंतर वर्तमानपत्र, पत्रांचीं उत्तरें, विश्रांति, पुन्हां फेरफटका आणि तासभर काम. रात्रीं एमाबरोबर बॅकगॅमनचे, म्हणजे फांसे टाकून सोंगट्या हलविण्याच्या खेळाचे, दोन डाव. त्या खेळांत हरल्यावर तो लटकाच संतापत असे, आणि जय-पराजयांची नोंद मात्र काटेकोर ठेवीत असे. १८७६ च्या जानेवारींत एका अमेरिकन शास्त्रज्ञ मित्राला त्यानें मोठ्या अभिमानानें कळविलें कीं, एमाचे डाव २४९० आणि आपले २७९५ झाले आहेत.

एवढा दिनक्रम ऐकून कोणाला वाटेल कीं हें तर सुखवस्तु मनुष्याचें स्वस्थ जिणें झालें. रोजचें काम मोजलें तर तें चार तासांहून फारसें अधिक भरत नाहीं. परंतु हे तास एका आजारी मनुष्याचे होते. वांत्या, थकवा, झोंप न लागणें, छातींत धडधडणें यांनीं तो वर्षानुवर्षें हैराण होता, आणि त्या दुखण्याचें निदान शास्त्रज्ञांत अजूनही वादाचा विषय आहे. अशा स्थितींत खडकांना व जहाजांच्या तळांना चिकटून राहणाऱ्या बार्नेकल नांवाच्या क्षुद्र समुद्रजीवांवर त्यानें १८४६ पासून १८५४ पर्यंत आठ वर्षें खर्च केलीं. बाबा सूक्ष्मदर्शकाशीं बसून बार्नेकल पाहतात, ही गोष्ट मुलांच्या इतकी अंगवळणीं पडली होती कीं, एक मूल शेजारच्या घरीं गेलें असतां त्या घरचा यजमान आपले बार्नेकल कोठें बसून पाहतो, असें त्यानें निरागसपणें विचारलें! जगांतील प्रत्येक बाप हेंच करीत असला पाहिजे अशी त्या मुलाची खात्री होती.

कामाची वेळ ही पवित्र आहे, हें या घरांतील मुलांना कळत होतें. परंतु कळणें निराळें आणि पाळणें निराळें. चार वर्षांच्या एका मुलानें एकदां कामाच्या वेळीं वडिलांनीं खेळायला यावें म्हणून त्यांना सहा पेन्सची लांच देऊं केली. काम मोठें हें सर्वांना मान्य होतें, पण सहा पेन्स कोणी नाकारूं शकेल हें त्या भावंडांना अशक्यच वाटत होतें, असें पुढें त्यांच्या बहिणीनें लिहिलें आहे. अभ्यासिकेवर मुलांच्या स्वाऱ्या सारख्या चालूच असत. कोणाला चिकटपट्टी हवी, कोणाला सुतळी, कोणाला कात्री, फूटपट्टी किंवा हातोडी. आणि या साऱ्या वस्तु सांपडण्याचें खात्रीचें ठिकाण तें एकच. फारच झालें म्हणजे तो सहनशील मुद्रेनें एवढेंच सुचवी कीं आज बराच व्यत्यय आला आहे, तेव्हां आणखी न आल्यास बरें होईल. एखादें मूल आजारी असलें कीं त्याचें अंथरूण अभ्यासिकेंतल्या कोचावर घातलें जाई. वडील काम करीत आहेत आणि आपण तेथें उबेंत पडलों आहों, यांतच त्या मुलाला निर्धास्त वाटे.

या घरांत शिस्त होती, पण धाक नव्हता. ज्या मुलाला स्वतःच्या वडिलांचा दरारा सोसावा लागला होता त्यानें बाप झाल्यावर तो वारसा पुढें चालविला नाहीं. जिन्यावर एक गुळगुळीत फळी टेकवून मुलें तिच्यावरून घसरत. सूक्ष्मदर्शकापुढें बसण्याचें चाकांचें स्टूल फुरसतीच्या वेळीं होडी बने, आणि काठीच्या रेट्यानें ती होडी दिवाणखान्यांतून फिरे. एकदां लहानगा लेनर्ड कोचावर उड्या मारीत होता. स्प्रिंगा बिघडतात म्हणून या खेळास बंदी होती. एवढ्यांत डार्विन आंत आला आणि हें नियमाविरुद्ध आहे असें म्हणाला. त्यावर लेनर्डनें त्यालाच सल्ला दिला कीं, मग तुम्ही खोलीबाहेर गेलेलें बरें! ही गोष्ट डार्विन स्वतः आनंदानें सांगत असे.

मुलांना खेळविणें आणि शास्त्र करणें यांत त्यानें भिंत घातली नव्हती. उन्हाळ्यांत नर भुंगे ठराविक मार्गानें उडत जातात आणि ठराविक जागीं घोंघावतात असें त्याच्या लक्षांत आलें. त्यांचा मार्ग एकट्यानें हेरणें अशक्य. तेव्हां त्यानें पांचसहा मुलांना कुंपणाच्या कडेनें अंतराअंतरावर उभें केलें. भुंगा आला कीं ज्या त्या मुलानें ओरडून वर्दी द्यावी आणि मागें धांवावें. भुंग्यांच्या अंगावर पिठाची चिमूट टाकून त्यांना ओळखण्याचीही युक्ति झाली. मुलांना तो खेळ वाटला, आणि बापाला त्यांतून वर्षानुवर्षांची टिपणें मिळालीं. मुलांनीं केलेल्या मदतीबद्दल तो त्यांचे मनापासून आभार मानी, आणि त्यांच्या मताला मोठ्या माणसाच्या मताइतका मान देई. हेन्रिएटा मोठी झाल्यावर मनुष्याच्या उत्पत्तीविषयींच्या १८७१ च्या ग्रंथाचीं मुद्रितें त्यानें तिच्या हातीं सोंपविलीं आणि तिच्या सुधारणा कृतज्ञतेनें स्वीकारल्या.

तो कधींच रागावत नसे असें मात्र नाहीं. १८६५ च्या ऑक्टोबरांत जमेका बेटांत तेथील गव्हर्नर एअर यानें कृष्णवर्णीयांचें बंड अतिशय क्रूरपणें चिरडलें. त्याच्यावर खटला भरण्यासाठीं इंग्लंडांत एक समिति स्थापन झाली, आणि डार्विननें तीस वर्गणी दिली. गुलामगिरीची अमानुषता त्यानें तरुणपणीं दक्षिण अमेरिकेंत डोळ्यांनीं पाहिली होती. त्या विषयावर थट्टा त्याला खपत नसे. घरीं आलेल्या विल्यमनें समितीच्या पैशांविषयीं एक हलका शेरा मारला, तेव्हां डार्विन एकदम भडकला आणि तसेंच वाटत असेल तर परत निघून जा असें म्हणाला. विल्यम त्या वेळीं सव्वीस-सत्तावीस वर्षांचा कर्ता मुलगा. दुसऱ्या दिवशीं सकाळीं सात वाजतां डार्विन त्याच्या खोलींत येऊन पलंगाच्या कडेवर बसला. आपण इतके रागावलों या विचारानें रात्रभर झोंप आली नाहीं, असें त्यानें मुलाला सांगितलें. मताला तो चिकटून राहिला, पण मुलाचें मन दुखविल्याची रुखरुख त्याला सहन झाली नाहीं. सत्ता आणि ममता यांचा असा मेळ त्या काळच्या बापांत विरळाच असेल.

या हंसत्याखेळत्या घरावर सर्वांत मोठा घाला पडला तो १८५१ सालीं. मोठी मुलगी ॲनी दहा वर्षांची होती; घरांतली सर्वांत आनंदी, बापाच्या विशेष लळ्याची. तिची प्रकृति ढांसळूं लागली, म्हणून डार्विननें तिला मॉल्व्हर्न येथें जलोपचारासाठीं नेलें. त्याच उपचारांनीं त्याला स्वतःला पूर्वीं बरें वाटलें होतें. एमाचे दिवस भरत आले असल्यामुळें तिला डाउन सोडतां आलें नाहीं. डार्विन मुलीच्या उशापाशीं बसे आणि क्षणाक्षणाची हकीकत पत्रांनीं एमाला कळवी. २३ एप्रिल १८५१ रोजीं ॲनी गेली. आठवडाभरानें बापानें कागद घेतला आणि तिच्याविषयीं एक लहानसें टिपण लिहिलें. तिचें रूप, तिचा उल्हास, सँडवॉकवर आपल्यापुढें नाचत जाण्याची तिची रीत, सारें कांहीं. पुढें आठवण पुसट होईल, तेव्हां हें लिहिलेलें बरें, असा त्यांत हेतु होता. ज्यानें जन्मभर निरीक्षणें टिपलीं त्याचें हें सर्वांत दुःखाचें निरीक्षण होय. ॲनीची लिहिण्याची पेटी, आंतल्या चिजवस्तूंसह, एमानें जपून ठेवली. ती दीडशें वर्षें कुटुंबांत राहिली. आणि डार्विनच्या पणतूचा मुलगा रँडल केन्स यानें तिच्यावरून २००१ सालीं या बापलेकीच्या नात्याचा इतिहास लिहिला.

दुसरा आघात तर डार्विनच्या कीर्तीच्या उंबरठ्यावरच झाला. जून १८५८ मध्यें आल्फ्रेड वॉलेस या शास्त्रज्ञाचें पत्र दूर पूर्वेकडील बेटांतून आलें. वीस वर्षें आपण ज्या विचारावर काम करीत आहों तोच विचार दुसऱ्यानें स्वतंत्रपणें मांडलेला पाहून डार्विन गोंधळून गेला. याच दिवसांत हेन्रिएटाला घटसर्प झाला, आणि सर्वांत धाकटा, दीड वर्षाचा चार्ल्स वेअरिंग, लाल पुरळाच्या तापानें २८ जून रोजीं दगावला. मित्रांनीं वाट काढली, आणि १ जुलै रोजीं लंडनच्या लिनियन सोसायटींत दोघांचेंही लेखन एकत्र वाचलें गेलें. जगाच्या ज्ञानाला नवें वळण देणारी ती सभा. परंतु डार्विन तेथें नव्हता. त्या दिवशीं तो डाउनच्या स्मशानांत आपल्या मुलाला पुरत होता. पुढील वर्षीं, २४ नोव्हेंबर १८५९ रोजीं, 'ओरिजिन ऑफ स्पीशीज' प्रसिद्ध झालें. पहिल्या आवृत्तीच्या १२५० प्रती निघाल्या. त्या वर्षींच घरांत बिलियर्डचें टेबल आलें होतें, आणि तेवढा वेळ तरी जीवजातींचा विचार डोक्यांतून जातो, असें समाधान तो मित्राला कळवीत होता.

मुलांच्या आजारांनीं त्याच्या मनांत एक शल्य कायमचें रुतून बसलें. एमा ही त्याची मामेबहीण. जवळच्या नात्यांतील लग्नामुळें तर मुलें अशक्त निपजलीं नसतील? आणि स्वतःचें दुखणेंही त्यांच्या अंगांत उतरलें असेल काय? वनस्पतींच्या स्वपरागणानें व परपरागणानें संततीवर काय परिणाम होतो, यावर त्यानें अकरा वर्षें प्रयोग केले आणि त्यांचा ग्रंथ १८७६ सालीं काढला. त्या शास्त्रीय जिज्ञासेच्या मागें बापाची ही काळजीही उभी होती. १८७१ च्या खानेसुमारींत चुलत-मामे भावंडांच्या लग्नांविषयीं प्रश्न घालावा म्हणून त्यानें एका खासदार मित्राकरवीं प्रयत्न केला. पार्लमेंटनें तो फेंटाळला. तेव्हां गणितांत निष्णात झालेल्या जॉर्जनेंच १८७५ सालीं उपलब्ध आंकड्यांवरून या विषयाचा अभ्यास केला, आणि धोका समजतात तेवढा मोठा नाहीं असा निष्कर्ष काढला. स्वतःच्या जन्माविषयीं बापाला वाटणारी चिंता मुलानें आंकडेमोडीनें हलकी करावी, हा प्रसंग शास्त्राच्या इतिहासांत एकमेवच असावा.

न्यायाच्या दृष्टीनें येथें आणखी एक गोष्ट सांगितली पाहिजे. हा बाप सदैव घरीं राहूं शकला, कारण त्याला पोटासाठीं नोकरी करावी लागली नाहीं. वडिलांचा पैसा, सासरची मदत आणि स्वतःची काळजीपूर्वक गुंतवणूक यांवर त्याचा संसार चालला होता. घरांत नोकरचाकर होते. आणि या साऱ्या व्यवस्थेचा आंस एमा होती. दहा बाळंतपणें, नवऱ्याची अखंड शुश्रूषा, मुलांचीं दुखणीं आणि त्यांतून रोजचें वाचन व पियानो, हें सारें तिनें सांभाळलें. ती श्रद्धाळू होती. नवऱ्याची श्रद्धा हळूहळू मावळत गेली याचें दुःख तिला होतें. परंतु त्या मतभेदानें घराला तडा गेला नाहीं. डार्विनच्या कष्टाळूपणाची कथा सांगतांना एमाचे कष्ट वगळले तर तो हिशेब अपुरा राहील.

१८७६ च्या उन्हाळ्यांत, वयाच्या ६७ व्या वर्षीं, डार्विन आत्मवृत्त लिहावयास बसला. रोज दुपारीं सुमारें तासभर लिहून त्यानें तें ऑगस्टच्या आरंभीं पुरें केलें. तें जगासाठीं नव्हतें. आपल्या मुलांना आणि कदाचित् त्यांच्या मुलांना तें वाचून गंमत वाटेल, एवढाच त्याचा उद्देश होता. आपल्या आजोबांनीं असें कांहीं लिहून ठेवलें असतें तर तें कितीही त्रोटक असलें तरी आपल्याला आवडलें असतें, असें त्याला वाटे. त्याचे आजोबा इरॅस्मस डार्विन हे मोठे वैद्य व कवि. पण चार्ल्सच्या जन्मापूर्वींच, १८०२ सालीं, ते वारले होते. न पाहिलेल्या या आजोबांचें छोटें चरित्रही त्यानें १८७९ सालीं लिहिलें.

आत्मवृत्त संपून महिना होतो न होतो तोंच त्याचें स्वतःचें आजोबापण आलें, आणि तें दुःखाचा हात धरूनच आलें. ७ सप्टेंबर १८७६ रोजीं फ्रान्सिसला मुलगा झाला, आणि चारच दिवसांनीं त्याची पत्नी एमी मरण पावली. फ्रान्सिस कोसळला. तान्ह्या बर्नार्डला घेऊन तो डाउनला राहावयास आला. एमा तेव्हां ६८ वर्षांची होती. तिनें पुन्हां पाळणा हालवावयास घेतला. डार्विननें मुलाला सांत्वनाच्या शब्दांपेक्षां अधिक उपयोगी अशी एक गोष्ट दिली, ती म्हणजे काम. फ्रान्सिस त्याचा साहाय्यक झाला, आणि वनस्पतींच्या हालचालींवरील १८८० चा ग्रंथ दोघांच्या सहकार्यानें तयार झाला. नातवानें तर ओसाड होऊं लागलेलें घर पुन्हां भरलें. त्याला लाडानें 'अब्बाडब्बा' म्हणत. त्याच्या बाललीलांचीं वर्णनें आतां आजोबांच्या पत्रांत येऊं लागलीं.

डार्विनचें शेवटचें पुस्तक गांडुळांवरचें. शेतांतील मातीचा सुपीक थर गांडुळें कशी घडवितात, हा विषय त्याच्या मनांत तरुणपणापासून होता. १८८१ च्या ऑक्टोबरांत पुस्तक निघालें आणि हजारोंनीं खपलें. त्यासाठीं मातीच्या कुंड्यांत गांडुळें पाळलीं होतीं, आणि तीं ऐकूं शकतात काय हें पाहण्याचा उद्योग साऱ्या घरानें मिळून केला. घरच्या आठवणींप्रमाणें बर्नार्डनें शिटी फुंकली, फ्रान्सिसनें बसून नांवाचें खर्जांतील फुंकवाद्य वाजविलें आणि एमानें पियानो. गांडुळें ढिम्म हललीं नाहींत. मग कुंड्या पियानोवर ठेवून सूर वाजविला, तेव्हां मात्र तीं झटकन् बिळांत शिरलीं. हवेंतला नाद त्यांना कळत नाहीं, पण स्पर्शानें येणारा कंप कळतो, हें त्यावरून ठरलें. आजा, आजी, बाप आणि पांच वर्षांहून लहान नातू अशा तीन पिढ्या गांडुळांपुढें मैफल करीत आहेत, आणि त्यांतून एक शास्त्रीय सत्य हातीं येत आहे! या माणसाचें सारें आयुष्य त्या एका प्रयोगांत सांपडतें.

डिसेंबर १८८१ मध्यें होरेसला मुलगा झाला. तो दुसरा नातू. त्यानंतर थोड्याच महिन्यांनीं, १९ एप्रिल १८८२ रोजीं, डार्विन डाउन येथें निधन पावला. डाउनच्या स्मशानांत, गेलेल्या लेंकरांशेजारीं, विसांवा मिळावा अशी घरच्यांची अपेक्षा होती. परंतु राष्ट्रानें त्याला वेस्टमिन्स्टर ॲबींत नेलें. मोठेपणाची ही किंमत त्याच्या कुटुंबानें मुकाट्यानें दिली. एमा १८९६ पर्यंत होती.

मुलें आपापल्या वाटेनें कर्तबगार निघालीं. जॉर्ज, फ्रान्सिस व होरेस हे तिघेही रॉयल सोसायटीचे सभासद झाले आणि तिघांनाही सर ही पदवी मिळाली. कोचावर उड्या मारणारा लेनर्ड पुढें रॉयल जिऑग्राफिकल सोसायटीचा अध्यक्ष झाला. शिटी फुंकणारा बर्नार्ड गोल्फच्या खेळावर लिहिणारा नामांकित लेखक झाला. खेळ हाच ज्याचा व्यवसाय झाला असा नातू या आजोबांना नक्कीच आवडला असता. फ्रान्सिसनें १८८७ सालीं वडिलांचें चरित्र व पत्रें तीन खंडांत प्रसिद्ध केलीं आणि त्यांत तें आत्मवृत्तही घातलें. मात्र धर्माविषयींचे कांहीं परखड उतारे आईच्या भावनेखातर गाळले. ते उतारे परत जागेवर आणून संपूर्ण आत्मवृत्त १९५८ सालीं प्रसिद्ध केलें तें नोरा बार्लो हिनें. ती होरेसची मुलगी. आजोबांच्या मृत्यूनंतर तीन वर्षांनीं जन्मलेली. ज्या नातवंडांसाठीं तें लिहिलें होतें त्यांच्यापैकींच एकीनें, कांहींही न लपवितां, तें जगाच्या हातीं दिलें.

'ओरिजिन'च्या हस्तलिखिताचीं फारच थोडीं पानें आज शिल्लक आहेत. काम झाल्यावर हे कागद जपून ठेवावे असें डार्विनला वाटलें नाहीं. कोऱ्या पाठीचे कागद म्हणून ते मुलांच्या वांट्याला गेले. त्यांतल्या कांहीं पानांवर एका बाजूस मानवी विचाराला कलाटणी देणारीं वाक्यें आहेत, आणि दुसऱ्या बाजूस रंगीत चित्रें. एका चित्रांत फळांवर आणि भाज्यांवर बसलेल्या शिपायांची घनघोर लढाई चालली आहे. केंब्रिजच्या ग्रंथालयांत हीं पानें मोठ्या काळजीनें ठेवलीं आहेत. आणि तीं आज शिल्लक आहेत याचें एक कारण हेंच कीं, एका घरानें मुलांचीं चित्रें टाकून दिलीं नाहींत.